गाणी भरून मिळतील

नाझिया हसनचे ‘आप जैसा कोई’ १९८० साली ‘कुर्बानी’ चित्रपटातून आले, तेव्हा ती अवघी पंधरा वर्षांची होती. कराचीत जन्मलेल्या या मुलीला संगीतकार बिद्दूने लंडनमध्ये गाऊन घेतले आणि पुढच्याच वर्षी ‘डिस्को दीवाने’ हा तिचा स्वतंत्र अल्बम निघाला. आता गंमत पाहा. पहिले गाणे चित्रपटाच्या रेकॉर्डवर, दुसरे तिच्या अल्बममध्ये. दोन्ही हवी असतील तर दोनदा खिशात हात घालणे आले. गाजलेली गाणी एकत्र बांधून देणाऱ्या संचाची गरज येथेच पडते.

ही गरज मात्र नाझियाहून फार जुनी. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजानचे गाणे ध्वनिमुद्रित झाले, तेव्हा तबकडीवर जेमतेम तीन मिनिटे मावत. आपल्याकडे याच सुमारास, १९०५ मध्ये, नारायण राजहंस नावाचा सतरा वर्षांचा मुलगा किर्लोस्कर नाटक मंडळीत आला. टिळकांनी ‘बालगंधर्व’ म्हटलेला हा मुलगा मराठी माणसाचा पहिला किशोरवयीन लाडका गायक म्हणायला हरकत नाही. रात्रभर चालणाऱ्या ‘माना­पमाना’तले एखादे पद तबकडीवर यायचे तर ताना छाटूनच. रसिकाने पदांची पुस्तिका विकत घ्यावी आणि तबकड्या एकेक करून जमवाव्यात. निवड करणारा त्या काळी रसिकच होता.

१९४८ साली अमेरिकेत कोलंबिया कंपनीने लाँग प्ले तबकडी आणली. एका बाजूला वीसेक मिनिटे मिळाली आणि निवडीचा अधिकार कंपनीकडे गेला. याच कंपनीने १९५८ मध्ये जॉनी मॅथिस या बाविशीतल्या गायकाची चाललेली गाणी एकत्र करून ‘जॉनीज ग्रेटेस्ट हिट्स’ काढले. या प्रकाराचा मूळपुरुष सहसा यालाच मानतात. अमेरिकी खपाच्या यादीत ते एकूण ४९० आठवडे टिकले! नवे ध्वनिमुद्रण नाही, नवा वादक नाही, कपाटातला मालच पुन्हा विकायचा. कोणत्या व्यापाऱ्याला हे आवडणार नाही? आपल्याकडे एच.एम.व्ही.नेही जुन्या तबकड्यांतली बालगंधर्वांची पदे पुढे लाँग प्लेवर आणली. त्या व्यापारात एक पुण्यही घडले: फुटून गेली असती अशी पदे वाचली.

मग कॅसेट आली आणि कंपनीच्या हातातली किल्ली सुटली. विंचूर, लासलगाव, येवला या पट्ट्यात कांद्याचे पैसे हाती आले की टेपरेकॉर्डर घरी येई. दुकानदाराकडे वहीच्या कागदावर गाण्यांची यादी द्यायची आणि कोरी कॅसेट ‘भरून’ घ्यायची. ए बाजूला नाझिया, बी बाजूला प्रल्हाद शिंदे, आणि साठ मिनिटांची फीत संपली की शेवटचे गाणे कडव्यातच तुटे. कायद्याने ही चोरीच, पण अशी मनासारखी निवड कोणत्याही कंपनीने कधी केली नाही. गुलशन कुमार यांच्या टी-सिरीजने तर आणखी वेगळी वाट काढली. कॉपीराइट कायद्यातल्या फटीचा आधार घेऊन जुनीच गाणी नव्या गळ्यांतून गाऊन घेतली आणि स्वस्तात विकली. गाणे तेच, गायक दुसरा!

२००८-०९ मध्ये झी मराठीच्या ‘सारेगमप लिटिल चॅम्प्स’ने कार्तिकी गायकवाड, आर्या आंबेकर, प्रथमेश लघाटे, मुग्धा वैशंपायन आणि रोहित राऊत या मुलांना घराघरांत नेले. ही मुले गाजली ती प्रामुख्याने आधीच्या पिढ्यांच्या गाण्यांवर. म्हणजे येथे निवडक गाणी आधी आणि स्वतःचे गाणे मागाहून, असा उलटा क्रम लागला. २०१७ साली सारेगामा कंपनीच्या ‘कारवां’ या प्लेअरने पाच हजार हिंदी गाणी एका खोक्यात कोंबली. इतकी गाणी झाल्यावर निवड कसली, ते गोदामच.

नाझिया २००० साली, पस्तिसाव्या वर्षी गेली. आज फोनवर तिचे नाव टाकले की ‘आप जैसा कोई’ आणि ‘डिस्को दीवाने’ एकाखाली एक येतात. यादी लिहून देण्याचे कामच उरलेले नाही.