कुरणावरची शाळा आणि निर्धूळ प्रयोगशाळा

विज्ञानाच्या इतिहासांत शोधांचीं नांवें आधीं येतात. प्रयोगशाळेचें दार कोणासाठीं उघडलें, हा प्रश्न मागें राहतो. २०१४ सालीं ठाण्यापासून वेगळा झालेल्या पालघर जिल्ह्याचा इतिहास मात्र या प्रश्नावांचून वाचतां येत नाहीं.

१९४५ सालीं ताराबाई मोडक यांनीं अनुताई वाघ यांच्या साहाय्यानें बोर्डी येथें ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलें. पुढें तें कोसबाडच्या टेकडीवर गेलें. तेथील आदिवासी मुलांच्या माथीं गुरें राखण्याचें काम असे, म्हणून तीं शाळेंत येत नसत. या दोघींनीं मुलांना दोष न देतां शाळाच कुरणावर नेली. गुरें चरत आणि धडेहि चालत. शिकणारा येत नसेल, तर त्याच्या वाटेंत काय आडवें आलें आहे तें आधीं पाहावें, ही कोसबाडची शिकवण.

कोसबाडच्या दक्षिणेस, त्याच किनाऱ्यावर, पुढें निराळेंच पर्व सुरू झालें. होमी भाभा यांच्या पुढाकारानें १९५७ सालीं ट्रॉम्बे येथें अणुशास्त्राची प्रशिक्षणशाळा निघाली होती. निवडक पदवीधरांना विद्यावेतन देऊन वर्षभर शिकवावयाचें आणि मग कामास लावावयाचें, अशी ती योजना. १९६९ सालीं तारापूरचें अणुवीज केंद्र, देशांतील पहिलें, वीज देऊं लागलें. शेजारीं बोईसरला कारखाने उभे राहिले. पुढें केंद्राच्या विस्तारासाठीं अक्करपट्टी आणि पोफरण या गांवांना आपली जागा सोडावी लागली. जमीन किनाऱ्याची गेली; पण शास्त्राचें दार पदवीपाशीं होतें, आणि पाड्यावरच्या मुलांची वाट बहुधा त्याच्या पुष्कळ अलीकडेच संपे.

आतां विज्ञान अधिक सूक्ष्म झालें आहे. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जांश. माणसाचा केस सुमारें ऐंशी हजार ते एक लाख नॅनोमीटर जाड असतो. या मापाच्या कामांत धुळीचा कणहि डोंगराएवढा ठरतो. त्यासाठीं गाळलेल्या हवेच्या निर्धूळ खोल्या आणि फार महाग यंत्रें लागतात. तीं प्रत्येक महाविद्यालयास परवडत नाहींत, आणि कुरणावरहि नेतां येत नाहींत. येथें विद्यार्थ्यालाच यंत्रापाशीं आणावें लागतें.

अमेरिकेंत राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानानें १९८७ सालीं पदवीच्या विद्यार्थ्यांसाठीं संशोधनाची योजना सुरू केली. उन्हाळ्याच्या सुटींत विद्यावेतन द्यावयाचें, आणि विज्ञानांत ज्यांची संख्या अल्प अशा समाजांतील विद्यार्थ्यांना आवर्जून बोलवावयाचें, असा तींत प्रघात पडला. भारतांत २००८ सालीं केंद्र शासनाच्या योजनेनें पोवईची भारतीय तंत्रज्ञान संस्था आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था येथील नॅनो-इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगशाळा बाहेरच्या महाविद्यालयांस खुल्या झाल्या. इतर ठिकाणचे विद्यार्थी आणि शिक्षक तेथें प्रत्यक्ष काम शिकूं लागले.

२०१३ सालीं मुंबईची लोकल डहाणूपर्यंत आली, तेव्हां बोईसरला पोवई दूर राहिली नाहीं. परंतु पालघरच्या अनेक आदिवासी कुटुंबांना उन्हाळा ही सुटी नसते. पावसाळ्यापूर्वी वीटभट्टीवर राबून वर्षाची बेगमी करण्याचे ते दिवस. अशा घरांतून एखादी मुलगी अभियांत्रिकीपर्यंत पोंचली, तर तिच्यासाठीं प्रयोगशाळेचें दार उघडें ठेवणें पुरेसें होत नाहीं. दोन महिन्यांची बुडालेली मजुरी आणि शहरांतील निवारा यांचा विचार आधीं करावा लागतो. ताराबाई आणि अनुताई यांनीं गुरांचा विचार केला होता, तो याच रीतीनें.