राह्यते कोठी?

आमच्या भागात कॉलेजात गेलेल्या पोराच्या बापाला लोक "काय शिकते पोट्टं?" हे मागाहून विचारत. पहिला प्रश्न असे, "राह्यते कोठी?" त्या एका उत्तरावरून ऐकणाऱ्याला बरंच काही कळे. घरची शेती किती, जात कोणती, शहरात नातेवाईक आहे की नाही आणि हे पोरगं दुसऱ्या वर्षापर्यंत टिकणार की दिवाळीतच बिछाना गुंडाळून परत येणार, हेसुद्धा.

यवतमाळला अमोलकचंद महाविद्यालय निघालं ते १९५६ साली. त्याआधी जिल्ह्यातल्या पोराला अमरावतीचं किंग एडवर्ड कॉलेज गाठावं लागे, नाहीतर थेट नागपूर. तिकडे जाणारे मोजकेच. देशमुख-पाटलांची, वकिलांची पोरं. गरिबाघरचं कोणी गेलंच तर कुठं वार लावून जेवायचं, कुठं कोणाच्या ओसरीवर पडायचं. वारावरचं जेवणही सगळ्या जातींच्या नशिबी नव्हतं. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ साली मराठा बोर्डिंग काढलं आणि मग एकेका समाजाची बोर्डिंगं उभी केली, ती याच कारणानं. शाळा-कॉलेजाचं दार उघडं असून उपयोग नव्हता. रात्री पाठ टेकायला जागा नसे, दोन वेळच्या भाकरीची सोय नसे. आपल्या वऱ्हाडात हे ओळखलं पंजाबराव देशमुखांनी. शिवाजी शिक्षण संस्था १९३२ साली निघाली, पण त्याच्याही आधी त्यांनी अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय काढलं होतं, सगळ्या जातींच्या पोरांसाठी. आधी राहण्याची जागा आणि मग संस्था, हा क्रम मला फार शहाणपणाचा वाटतो.

मी १९७४ च्या जूनमध्ये यवतमाळला आलो. कॉलेजं तेव्हा नागपूर विद्यापीठाखाली होती, अमरावती विद्यापीठ व्हायला अजून नऊ वर्षं होती. आमचं गाव आर्णीजवळचं. मॅट्रिकचा निकाल लागला तसा बाबांनी हिशोब मांडला, आणि तो हिशोब मार्कांचा नव्हता.

खरी अडचण महिन्याची होती. कॉलेज उघडे जूनमध्ये आणि मिरगही लागे जूनमध्येच. घरात असेल नसेल तो पैसा सरकी टोबण्यात, खतात, मजुरीत जाई. कास्तकाराच्या हाती पैसा यायचा तो कापूस निघाल्यावर. त्यातही १९७२ पासून कापूस एकाधिकार योजना आली होती. कापूस सरकारी केंद्रावर द्यायचा आणि चुकारा हप्त्याहप्त्यानं घ्यायचा. म्हणजे पोराची खोली ठरवायची जूनमध्ये आणि भाडं मोजण्याची ऐपत यायची पौष-माघात. जो घरमालक तोवर थांबेल, तीच आपली खोली. उजेड, हवा, कॉलेजचं अंतर हे सगळं त्याच्या मागून.

बाबांनी आधी आत्याचं घर पाहिलं. आत्या नाही म्हणाली नसती, पण तिच्या दोन खोल्यांत सात माणसं होती. नातेवाइकाकडं राहणारं पोरगं फुकट राहत नाही, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. ते दळण आणते, पाणी भरते, लहान्याचा अभ्यास घेते आणि स्वतःचं पुस्तक रात्री दहानंतर उघडते. बोर्डिंगात जागा होत्या, पण तिथं ओळख लागे. माझ्या वर्गात घाटंजीकडचा एक कोलाम मुलगा होता. तो आदिवासी वसतिगृहात राही. त्याची सरकारी यादी लागेपर्यंत पावसाळा अर्धा सरला होता, आणि तोवर तो गावच्या एका शिपायाच्या ओट्यावर झोपला. यादी लागल्यावर मात्र त्याचं बरं झालं. आम्ही खोलीवाले महिनाअखेरीला दाळीत पाणी वाढवत होतो तेव्हा त्याला दोन वेळचं गरम जेवण मिळे. "तुमच्यापक्षा मी साहेब हावो," असं तो हसून म्हणे.

दारव्ह्याकडच्या पोरांनी वेगळीच सोय काढली होती. ती शकुंतलेनं येत-जात. इंग्रजांच्या काळात कापूस वाहायला टाकलेली ती अरुंद रुळांची गाडी १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनावर चालली. तिच्या चालीवर लोक हसत, पण रोज घरी जेवून घरीच झोपायला नेणारी ती एक फिरती खोलीच होती.

शेवटी आम्हाला खोली मिळाली ती एका निवृत्त पोस्टमनच्या घरी. दहा बाय बाराची, तिघांत मिळून महिना तीस रुपये. त्यांचं स्वतःचं वावर कळंबकडं होतं, म्हणून चुकारा म्हणजे काय हे त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. बाबा म्हणाले, "भाऊ, कापूस निघाला का देतो." ते म्हणाले, "माहाही तवाच निघते."

ती खोली घेण्याचं दुसरं कारण म्हणजे ती यस्टी स्टँडजवळ होती. डबा यस्टीनं येई. माय पहाटे भाकरी थापे, बेसन नाहीतर अंबाडीची भाजी, जवसाची चटणी, असं फडक्यात बांधून आर्णीच्या गाडीत ठेवी. डब्यावर ऑइलपेंटनं माझं नाव होतं. अकराच्या सुमाराला स्टँडवर आमच्यासारखी पंधरा-वीस पोरं उभी असत, कंडक्टरच्या तोंडाकडं पाहत. नाल्याला पूर आला की गाडी येत नसे, आणि मग खानावळीचा खर्च. कॉलेजपासून दूर पण स्टँडजवळ, असं बिऱ्हाड करणाऱ्यांना शहरातली पोरं हसत. त्यांना घरून डबा येत नव्हता, एवढंच.

हे सगळं पोरांचं. माझी धाकटी बहीण १९७८ मध्ये चांगल्या मार्कांनी मॅट्रिक झाली. तिच्यासाठी बाबा तीन दिवस यवतमाळात फिरले. आत्याच्या घरात आता आठ माणसं होती. मुलींच्या एका वसतिगृहाची यादी भरली होती. खोलीवाले मुली म्हटल्यावर दारातूनच बोलले. पोस्टमनभाऊ तेवढे वारले नसते तर कदाचित काही झालं असतं. बाबा चौथ्या दिवशी परत आले, टोपी खुंटीला लावली आणि म्हणाले, "जागाच नाही." बहिणीनं काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ती निंदायला वावरात गेली. तिचं शिक्षण थांबलं ते पैशानं नाही, बुद्धीनं तर नाहीच. एका खाटेएवढी जागा मिळाली नाही.

आता यवतमाळात इंजिनीअरिंग आहे, मेडिकल आहे. वाघापूर, लोहारा या बाजूंना घरोघरी मुलामुलींसाठी खोल्या काढल्या आहेत. सरकारी वसतिगृहात नंबर लागला नाही तर अनुसूचित जातीच्या पोरांसाठी २०१६-१७ पासून स्वाधार योजना आहे, आदिवासी पोरांसाठी स्वयं. सुरुवातीला जिल्ह्याच्या ठिकाणी स्वाधारचे वर्षाला ४३ हजार ठरले होते. मोठी गोष्ट आहे ही, आमच्या वेळी असं काही नव्हतं. पण अर्ज, पडताळणी, यादी होऊन रक्कम खात्यात येईतोवर खोलीवाल्याला थांबवावं लागतं, असं पोरं सांगतात. खोली पाहताना पोरं आता पहिलं विचारतात ते पाण्याचं. २०१८ चा उन्हाळा यवतमाळकर विसरलेले नाहीत. बोअर आहे का, त्याला मेमध्ये पाणी राहते का, मग वायफाय.

मागल्या वर्षी बहिणीच्या नातीला अ‍ॅडमिशन मिळाली. खोली पाहायला बहीण स्वतः आली, गुडघे दुखत असताना. पोरीची आई खाली रिक्षात पिशव्या सांभाळत बसली. बहिणीनं न्हाणीघराची कडी आतून लावून पाहिली, खिडकीचे गज हलवून पाहिले, नळ सोडून धार किती येते ते पाहिलं. मग घरमालकिणीला म्हणाली, "काकू, दोन महिन्याचं आता देतो. बाकीचं कापूस निघाल्यावर चालन का?"

घरमालकीण म्हणाली, "भाड्याचं पाहू. डिपॉझिट तं आजच लागन."

बहिणीनं कमरेची पिशवी सोडली आणि नोटा मोजायला लागली.