चांदीने रंगवलेला मेंदू

पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत नोकरी केलेल्या माणसाला डागांचं नवल नसतं. सिल्व्हर नायट्रेटचा डाग मात्र भलताच चिवट. लागताना दिसत नाही, उजेडात काळा पडतो आणि वरची कातडी झडेपर्यंत साबणाला दाद देत नाही. लग्नकार्यात पंगतीत वाढायला उभा राहिलो की बायका आधी माझ्या बोटांकडे बघत, मग जिलबीकडे. त्यामुळे चांदीनेच मेंदू रंगवून पाहणारा आलोइस अल्झायमर हा डॉक्टर मला आमच्याच टेबलावरचा वाटतो.

२५ नोव्हेंबर १९०१ रोजी फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात ऑगस्टे डेटेर ही ५१ वर्षांची बाई दाखल झाली. नवरा रेल्वेत कारकून. दुसऱ्या दिवशी अल्झायमरने तिला प्रश्न विचारले आणि उत्तरं जशीच्या तशी टिपली. नाव? ऑगस्टे. आडनाव? ऑगस्टे. नवऱ्याचं नाव? बहुतेक ऑगस्टे. ताटात डुकराचं मांस आणि फ्लॉवर होता. काय खाताय विचारल्यावर ती म्हणाली, पालक.

८ एप्रिल १९०६ रोजी ती गेली. अल्झायमर तोवर म्युनिकला मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिनकडे होता. मेंदू तिथे मागवला गेला. बील्शोव्स्कीची चांदीची पद्धत तेव्हा नवी होती. तिच्यात मज्जापेशींतले धागे काळे उमटतात. काम किचकट: काचसामान जराही मळकट असलं की चांदी भलतीकडेच बसते, आणि अमोनिया घातलेलं द्रावण साठवायचं नाही, कारण त्याचा स्फोट होऊ शकतो. त्या काचपट्ट्यांवर अल्झायमरला दिसलं की कित्येक पेशी मरून गेल्यात आणि त्यांच्या जागी धाग्यांचा नुसता गुंता उरलाय. शिवाय बाहेर जागोजागी साक्याचे ठिपके. ३ नोव्हेंबरला ट्युबिंगेनच्या सभेत त्याने हे मांडलं. एकानेही प्रश्न विचारला नाही.

क्रेपेलिनने १९१० साली आपल्या ग्रंथात रोगाला अल्झायमरचं नाव दिलं, आणि माझ्या मते तिथेच घोळ झाला. रोग ठरला साठीच्या आतल्यांचा, दुर्मीळ. म्हातारी माणसं विसरली तर ते वयाचं. वास्तविक प्रागच्या ओस्कार फिशरने १९०७ मध्येच वृद्धांच्या मेंदूतले ठिपके छापून दाखवले होते. साठीच्या आतला रोग आणि म्हातारपणाचं विसरणं यांच्यातली ही भिंत पडायला साठचं दशक उजाडलं: न्यूकॅसलमध्ये ब्लेस्ड, टॉमलिन्सन आणि रॉथ यांनी वृद्धांच्या मेंदूतले ठिपके मोजले आणि हयातीतल्या विस्मरणाशी ताडून पाहिले.

पक्कं निदान तरी मेल्यावरच होई. आता पेटस्कॅन आहे, पाठीच्या पाण्याची तपासणी आहे, २०२५ साली अमेरिकेत रक्ताच्या चाचणीलाही मान्यता मिळाली. डोनेपेझिल हे औषध काही काळ थोडा आधार देतं. २०२३ मध्ये मान्यता मिळालेलं लेकानेमॅब साका हटवतं, पण उतरण जेमतेम मंदावते आणि मेंदूत सूज किंवा रक्तस्राव होण्याचा धोका राहतो.

म्हणून शेजारचं कोणी 'वय झालं, विसरणारच' म्हणालं की मी आधी ब-१२ आणि थायरॉइड तपासायला सांगतो. त्यांच्या कमतरतेनेही माणूस विसरतो, आणि ती भरून काढता येते. डॉक्टरांकडे जाताना घरातल्या कोणीतरी सोबत जावं. सकाळी काय खाल्लं, हे डॉक्टर आजही विचारतात, आणि खरं उत्तर माहीत असलेलं माणूस समोर लागतं.