शब्दाचे घर

मुळशीच्या शेजारी, मावळ तालुक्यात कार्ल्याचे चैत्यगृह आहे. बौद्ध भिक्षूंच्या उपासनेसाठी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कोरलेले हे पाषाणदालन सुमारे 124 फूट लांब आहे. ध्वनी सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो. म्हणजे एका टोकाचा शब्द दुसऱ्या टोकाला आपटून परतेपर्यंत सेकंदाचा पाचवा भाग उलटतो. तेवढ्यात बोलणारा पुढच्या अक्षरावर गेलेला असतो. सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आत परतलेला नाद मूळ शब्दाला बळ देतो; बराच उशिरा आलेला त्याला गढूळ करतो. म्हणून अशा दालनात संथ पठण भारून टाकते, भरभर बोलणे मात्र हरवते.

आमच्या जुन्या देवमंदिरांचीही हीच कथा आहे. 1605 साली पूर्ण झालेल्या गोव्यातील बॉम जेझू मंदिरात प्रवचनपीठावर कोरीव छत आहे. ते केवळ शोभेचे नव्हे. वर जाणारा आवाज असे छत खाली भाविकांकडे वळवते. 1616 साली राचोल येथे छापलेले फादर स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण ओवीबद्ध आहे. ओवीच्या चरणान्ती थांबावे लागते, आणि त्या विसाव्यात मागचा नाद विरून जातो.

या अनुभवाला शास्त्राचे रूप दिले वॉलेस सॅबाइन यांनी. 1895 साली हार्वर्ड विद्यापीठाच्या एका व्याख्यानगृहात काहीच कळेना, तेव्हा त्यांनी शेजारच्या नाट्यगृहातील गाद्या रात्री आणून मोजमाप केले. रिकाम्या दालनात नाद सुमारे साडेपाच सेकंद रेंगाळे. गाद्या वाढत तसा तो लवकर विरे. माणसांची गर्दीही तेच काम करते.

1963 साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेत लोकभाषेला वाट मोकळी केली, आणि पुढे मिस्सा मराठीतून होऊ लागली. लॅटिन मंत्राचा नाद कानी पडला तरी मन भारावे. मराठी शास्त्रपाठ मात्र समजावा लागतो. ध्वनिवर्धकाचा आवाज वाढवल्याने घुमणेही तितकेच वाढते. कर्णे भाविकांच्या जवळ, मंद आवाजात असावेत. वाचकाने विरामचिन्हांना मान द्यावा. शेवटच्या बाकावरील वृद्ध आजीला शुभवर्तमान नीट ऐकू येत नसेल, तर मराठी उपासनेचा लाभ तिच्यापर्यंत पोहोचलाच नाही, असे आम्ही मानतो.