मूठभर धान्याचं हॉस्टेल: रयतेच्या पोरांच्या शिक्षणाचा खर्च कुणी केला?

आजचा एपिसोड पैशाबद्दल आहे. म्हणजे शिक्षणाबद्दलच आहे, पण शिक्षणाचं बिल कुणी भरलं याबद्दल.

आज एखाद्या गरीब मुलाच्या शिक्षणाला मदत करायची तर फार सोपं आहे. ॲप उघडा, मुलाचा फोटो बघा, महिन्याची रक्कम निवडा, ऑटोपे लावा. वर्षअखेरीस आभाराचं पत्र येतं. यात वाईट काही नाही, मुलं शिकतात. पण एक प्रश्न उरतो. त्या फोटोतल्या मुलाला आयुष्यभर काय वाटत असेल? आपण कुणाचे तरी उपकार खाल्ले, असं? आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वी एका माणसाने या प्रश्नाला फार वेगळं उत्तर दिलं होतं. तिकडे येतोच, पण आधी थोडं मागे जाऊ.

जुन्या पुण्यात गरीब विद्यार्थी दोन मार्गांनी जेवायचे. एक मधुकरी, म्हणजे झोळी घेऊन घरोघरी शिजवलेलं अन्न मागायचं. दुसरा 'वार लावणं'. सोमवारी या घरी जेवायचं, मंगळवारी त्या घरी, अशी सात दिवसांची सात घरं. मॉडेल म्हणून बघा, हुशार आहे. एकाच घरावर सगळा भार नाही आणि मुलाचं शिक्षण पार पडतं. कित्येक मोठी माणसं अशीच शिकली. पण यात एक अट होती, जी कुठे लिहिलेली नव्हती. कुणाच्या पंगतीला कोण बसणार हे जात ठरवायची. त्यामुळे ही सोय बहुतेक ब्राह्मण मुलांपुरतीच राहिली. साताऱ्याजवळच्या खेड्यातल्या कुणब्याच्या, धनगराच्या किंवा महाराच्या पोराला पुण्यात वार कोण देणार?

आणि खरी अडचण जेवणाचीच होती, फी नंतरची गोष्ट. गावात चौथीपर्यंत शाळा असली तर नशीब. हायस्कूल तालुक्याला किंवा जिल्ह्याला. म्हणजे पोराला तिथे राहायला जागा हवी, दोन वेळचं जेवण हवं. वर घरात कामाला येणारे दोन हात कमी होणार. शाळा फुकट केली तरी हा खर्च तसाच.

महात्मा फुल्यांनी 1882 मध्ये हंटर कमिशनपुढे हीच विसंगती मांडली. सरकारचा महसूल मुख्यतः शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या वाट्याला जातो, असा त्यांचा मुद्दा होता. म्हणजे रयत आधीच 'स्पॉन्सर' होती, फक्त दुसऱ्यांच्या मुलांची!

पुढचं पाऊल कोल्हापुरात पडलं. राजर्षी शाहू महाराजांनी 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून सुरुवात केली आणि मग एकेका समाजाची वसतिगृहं उभी राहिली. जागा, इमारत, अनुदान दरबाराकडून. बहुजन मुलांना शहरात पहिल्यांदाच हक्काचं छप्पर मिळालं. पण बोर्डिंगं बहुतेक जातवार होती आणि स्वयंपाकघरंही.

यातल्याच जैन बोर्डिंगमध्ये एक दांडगा मुलगा राहत होता. भाऊराव पायगोंडा पाटील, जन्म 22 सप्टेंबर 1887, कुंभोज. त्यांच्या चरित्रांत एक प्रसंग सांगतात. अस्पृश्य मुलांच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या कार्यक्रमाला ते गेले. परत आल्यावर अंघोळ करून 'शुद्ध' व्हायला त्यांना सांगितलं गेलं. ते नाही म्हणाले आणि बोर्डिंगमधून बाहेर पडले. शिक्षणही मॅट्रिकच्या आतच थांबलं.

पुढे भाऊरावांनी ओगल्यांच्या काचेचा माल विकला, किर्लोस्करांचे नांगर विकले. सेल्समनची नोकरी म्हणजे गावोगाव फिरणं. कुठल्या गावात कोण शिकतंय आणि कोण का शिकत नाहीये, हे त्यांना लोकांच्या ओसरीवर बसून कळलं. सत्यशोधक विचार सोबत होताच. 1919 मध्ये कराड तालुक्यातल्या काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली. 1924 मध्ये साताऱ्याला वसतिगृह आलं. इथे सगळ्या जातींची मुलं एका छताखाली राहत, एकत्र स्वयंपाक करत, एका पंगतीत जेवत. 1927 मध्ये गांधीजी तिथे आले आणि वसतिगृहाला शाहू महाराजांचं नाव मिळालं. पुढे 1933 मध्ये हरिजन सेवक संघाकडून वर्षाला 500 रुपयांची मदतही सुरू झाली.

पण 500 रुपयांत वर्षभर हॉस्टेल चालत नाही. मग रोजचं जेवण यायचं कुठून?

इथे येते मुष्टिफंडाची कल्पना. घरातली बाई जात्यावर दळायला बसली की ज्वारी-बाजरीतली एक मूठ वेगळ्या गाडग्यात टाकायची. ठरलेल्या दिवशी ते धान्य गोळा व्हायचं आणि वसतिगृहाच्या कोठीत जायचं. बस्स, एवढंच.

आता हे नीट बघा. एक मूठ गरिबातलं गरीब घरही देऊ शकतं. रोख रक्कम मागितली असती तर फक्त पाटील-सावकार देणगीदार झाले असते आणि संस्था त्यांच्या तंत्राने चालली असती. धान्य मागितल्यामुळे अख्खं गाव देणगीदार झालं. आमच्या आयटीच्या भाषेत, 'सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर' काढून टाकला. आणि दुसरं, जास्त महत्त्वाचं. ती मूठ कुठल्या एका मुलाच्या नावाची नव्हती. देणाऱ्या बाईला माहीत नसायचं की आपली ज्वारी कुणाच्या ताटात गेली. जेवणाऱ्या पोरालाही माहीत नसायचं की भाकरी कुणाच्या घरची. एकमेकांचे आभार मानायची सोयच नव्हती! उपकार होते, पण ते गावाचे होते, आणि गाव तर आपलंच.

उरलेला वाटा मुलांनी स्वतः उचलायचा. 'कमवा आणि शिका'. शेतात राबायचं, माती-दगड वाहायचे, बांधकामावर हात लावायचा, स्वयंपाक करायचा. आज कुणी म्हणेल, ही तर बालमजुरी. प्रश्न रास्त आहे, आणि ते काम हलकं नव्हतं हेही खरं. पण ही मुलं घरी राहिली असती तरी राबलीच असती, फक्त पुस्तकाशिवाय. इथे अंगमेहनतीतून येणारा वाटा त्यांच्या स्वतःच्या शिक्षणात जात होता आणि त्यामुळे मान खाली घालायचं कारण उरत नव्हतं.

अर्थात सगळं इतकं गोड नव्हतं. कोठी रिकामी व्हायची. अशा वेळी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने मोडले आणि शेवटी मंगळसूत्रही. त्या काळात सौभाग्यवतीने मंगळसूत्र विकणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. 1930 मध्ये त्या गेल्या. संस्थेच्या इतिहासातली सर्वांत मोठी देणगी कुठली असं विचारलं, तर माझं उत्तर हेच असेल.

मोठ्या देणगीदारांशी भाऊराव कसे वागत याचाही एक प्रसिद्ध किस्सा आहे. शिवरायांच्या नावाऐवजी दुसरं नाव द्या, मी मोठी रक्कम देतो, असं कुणीतरी सुचवलं. एक वेळ बापाचं नाव बदलेन पण हे नाही, अशा अर्थाचं उत्तर त्याला मिळालं म्हणतात. गावाची मूठ पाठीशी असली की असं बोलता येतं.

मग मूठभर धान्यावर सगळं भागलं का? नाही. धान्यातून जेवण होतं, शिक्षकांचे पगार होत नाहीत. 1940 मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल आलं, 1947 मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज, त्याआधी खेडोपाडी शेकडो व्हॉलंटरी शाळा. यासाठी सरकारी अनुदान लागलंच. आणि 1948 नंतर मुंबई सरकारने ते काही काळ थांबवलं, तेव्हा संस्थेची फार ओढाताण झाली. शेवटी गाडगेबाबांना मध्यस्थी करावी लागली. म्हणजे लोकांची मूठ सरकारची जागा घेऊ शकत नाही. पण सरकारने हात आखडल्यावर तग धरायची ताकद मात्र देते.

9 मे 1959 रोजी कर्मवीर गेले. आज रयतच्या सातशेहून अधिक शाखा आहेत. तुमच्यापैकी कितीतरी जण, किंवा तुमचे आईवडील, रयतच्याच शाळेत शिकले असतील.

तर मग आपण काय घ्यायचं यातून? मदत बंद करा असं मी म्हणत नाहीये, ऑटोपे चालू ठेवा. फक्त पुढच्या वेळी एका मुलाचा फोटो निवडण्याऐवजी एखाद्या वसतिगृहाचा किराणा, मेसचं गॅसबिल किंवा बसपासचा खर्च उचलता येतो का, ते बघा. पत्र येणार नाही, फोटोही येणार नाही. पण जेवताना कुणा पोराला तुमचं नाव आठवावं लागणार नाही.

तुमच्या घरात मुष्टिफंडाची आठवण कुणाकडे असेल, आजी-पणजीने ते गाडगं पाहिलं असेल, तर व्हॉइस नोट नक्की पाठवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोपर्यंत, ऐकत राहा!