आपल्या उंचीएवढं धनुष्य

डून लेरीहून दक्षिणेकडे जाणारी डार्ट पकडली की तिसरं स्टेशन डॉकी. तिथल्या कॅसल स्ट्रीटवर दोन छोटे दगडी किल्ले अजून उभे आहेत. मध्ययुगात डब्लिनचा बराच माल या बंदरात उतरायचा आणि अशा किल्ल्यांत सुरक्षित ठेवला जायचा. डब्लिनभोवतीच्या इंग्रजांच्या ताब्यातल्या पट्ट्याला ‘पेल’ म्हणत. त्याचं दक्षिण टोक इथेच होतं. मागच्या विकलोच्या डोंगरांत गेलिक घराण्यांचं चालायचं.

या पट्ट्यातल्या माणसाच्या हातात काय असावं, हे कायदा सांगत होता. 1366 च्या किलकेनीच्या कायद्यांनी इथल्या इंग्रजांना हर्लिंग खेळायला मनाई केली आणि त्याऐवजी धनुष्यबाण शिका म्हणून बजावलं. (शनिवारी सकाळी इथल्या कुठल्याही मैदानावर गेलात तर त्या मनाईचं पुढे काय झालं ते दिसेलच.) मग 1465 मध्ये आयर्लंडच्या पार्लमेंटनं आणखी एक कायदा केला. 16 ते 60 वयाचा प्रत्येक इंग्रज पुरुष, आणि इंग्रजांत राहून इंग्रजी बोलणारा प्रत्येक आयरिश पुरुष, यांच्याकडे स्वतःचं धनुष्य हवं. लांबी स्वतःच्या उंचीएवढी, वर एक मूठ. सोबत 12 बाण. त्याच वर्षी गावोगाव निशाणाचे उंचवटे उभारायचा हुकूमही निघाला. मार्च ते जुलै दर सणाला तिथे जाऊन बाण मारायचे, नाहीतर अर्धा पेनी दंड.

म्हणजे धनुष्य कोणाच्या हाती द्यायचं हे ठरवताना भाषा पाहिली जात होती. परदेशात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना ही अट वाचताना थोडं थांबायला होतं.

पण मला या कायद्यातली जास्त रंजक वाटते ती लाकडांची यादी. यू, ॲश अशी झाडांची नावं देऊन शेवटी पुस्ती जोडली आहे: नाहीतर दुसरं कुठलंही बरं झाड चालेल. एवढ्या कडक कायद्यात ही सवलत का?

कारण चांगलं धनुष्य हुकमावर मिळत नाही. यू या सूचिपर्णी झाडाच्या फांदीत निसर्गानंच दोन थर दिलेले असतात. सालीलगतचं फिकट लाकूड ताण सोसतं, आतलं तांबूस लाकूड दाब सोसतं. धनुष्य वाकवलं की बाहेरची बाजू ताणली जाते आणि आतली दाबली जाते, म्हणून कारागीर दोन्ही थर राखूनच लाकूड तासतो. आधी ओंडका रेषेच्या दिशेनं फोडायचा, महिनोन्‌महिने सावलीत वाळवायचा. मग थोडं तासायचं, दोरी लावून थोडं वाकवायचं, दोन्ही बाजू सारख्या वाकतात का ते पाहायचं, आणि जिथे ताठ वाटेल तिथलाच पापुद्रा काढायचा. एका जागी जास्त तासलं गेलं की तिथे बिजागरीसारखं वाकतं आणि पुढे तिथेच मोडतं. काढलेलं लाकूड परत लावता येत नाही.

दुरुस्तीचंही असंच. आतल्या बाजूला दाबानं बारीक आडवी चीर पडली तर त्यावर ताग किंवा स्नायूचा दोरा घट्ट गुंडाळून काही काळ भागवता येतं. बाहेरच्या बाजूची रेषा तुटली तर बहुतेक वेळा नवं धनुष्यच करावं लागतं. त्यासाठी पुन्हा चांगलं लाकूड हवं, आणि इंग्लंडमध्येच ते पुरत नव्हतं. 1472 मध्ये तिथल्या पार्लमेंटनं बाहेरून येणाऱ्या व्यापारी जहाजांना मालाबरोबर टनामागे चार धनुष्यकाठ्या आणायची सक्ती केली. डॉकीच्या माणसाला आपल्या कुंपणातलं ॲश चालवून घ्या म्हणायचं कारण हेच असावं.

धनुष्याचं लाकूड कुठून येतं, हा प्रश्न घेऊन आता खानदेशात जाऊ. सातपुड्यातल्या भिल्लांचा कमठा बांबूचा, आणि त्याची दोरीही बांबूच्याच चिवट पातीची. (‘भिल्ल’ हा शब्दच द्राविडी भाषांतल्या ‘विल्‌’, ‘बिल्लु’ म्हणजे धनुष्य यावरून आला, असं बरेच अभ्यासक मानतात.) दोरी तुटली तर नवी पाती काढायची, कमठा पिचला तर नवा बांबू तोडायचा. लागतो तो कोयता आणि लहानपणापासून सवयीचा हात. यातलं काहीही जहाजानं येत नाही.

1818 मध्ये खानदेश कंपनीकडे गेला आणि तिला भिल्लांच्या उठावांना तोंड द्यावं लागलं. 1825 मध्ये जेम्स आउट्रमनं भिल्लांचीच पलटण उभी केली, तिला गणवेश आणि बंदुका दिल्या. बंदुकीची दारू मात्र सरकारी कोठारातून येते. बंदूक हातात घेणारा त्या कोठाराशी बांधला जातो, कमठेवाला नाही. 1878 च्या शस्त्र कायद्यानं शस्त्रांच्या व्याख्येत तलवारी-भाल्यांबरोबर धनुष्यबाणही घातले. ते घेऊन फिरायचं तर परवाना हवा, किंवा सरकारनं त्या भागाला सूट दिलेली हवी.

1465 मध्ये इंग्लंडच्या राजाच्या नावानं डॉकीच्या माणसाला सांगितलं गेलं की धनुष्य बाळगलंच पाहिजे. चारशे वर्षांनी त्याच गादीच्या राज्यात सातपुड्यातल्या माणसाचं धनुष्य परवान्याच्या यादीत गेलं. पहिल्याला लाकडासाठी जहाजाची वाट पाहावी लागे, दुसऱ्याचा बांबू दाराशी होता. दुसऱ्याचीच भीती का वाटली, याचं निदान अर्धं उत्तर मला इथे दिसतं. जे माणूस स्वतः करतो आणि स्वतः दुरुस्त करतो, त्याचा पुरवठा तोडता येत नाही. मग उरतो फक्त कायदा.

डब्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या संग्रहात वेस्टमीथमधल्या बॅलिंडेरीच्या उत्खननात, 1932 मध्ये, मिळालेलं यूचं धनुष्य आहे. दहाव्या शतकातलं, सुमारे 185 सेंटिमीटर, म्हणजे उंच माणसाएवढं. ते कधी पाहायला मिळालं तर आधी लाकडाचे दोन थर शोधा. आणि सुट्टीत धडगावकडे गेलात, तिथे कुणी कमठा दाखवला, तर किंमत विचारण्याआधी एवढं विचारा: काका, मोडला तर दुरुस्त कोण करतं?