देवक, कूळ आणि घोड नदी

वंश रक्ताने ठरतो, असे आपण सहज म्हणतो. मराठा-कुणबी घराण्यांत मात्र देवक एकच निघाले की सोयरीक थांबते. आणि देवक म्हणजे कोठे कळंब, कोठे पंचपल्लव, कोठे मोरपीस. आप्तांची सीमा परिसरातल्या झाडापाखरांनी आखलेली!

इरावती कर्वे यांनी १९५३ साली महाराष्ट्राला उत्तर-दक्षिणेमधला प्रदेश मानले : मामाची मुलगी चालते, आत्याची चालत नाही. ही मांडणी आम्हांला पटते, पण तिच्यात नदी-डोंगर फार दुरून दिसतात. मंचरच्या सपाटीत भावकी जमिनीभोवती जमते, वाटणीच्या वेळी तिचीच भाऊबंदकी होते. पश्चिमेला भीमाशंकरच्या बाजूस महादेव कोळ्यांची भातखाचरे; तिथे सोयरीक कूळ पाहून, एका कुळात लग्न नाही. घुर्ये यांनी १९५७ मध्ये या समाजावर स्वतंत्र पुस्तकच लिहिले.

पुढे घोड नदीवर डिंभे धरण झाले. तालुक्याला नाव देणारे जुने आंबेगावच त्यात बुडाले. पाणी कालव्याने खाली सपाटीला गेले, वरची भावकी पांगली. देवकाला एक डहाळी पुरते, ती कोणत्याही मांडवात बांधता येते. भावकीला मात्र बांधाला बांध लागतो.